बावीस बादल्या बोअरचं पाणी

“मी विष घातलं नाही, अम्मा.”

चपला काढायच्या आधीच अलमेलुनं हे सांगून टाकलं. मग ती उंबऱ्याशी उभीच राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

रविवारची सकाळ होती. कमलाक्षीबाईंनी पेपर बाजूला ठेवला. विमा कंपनीत सव्वीस वर्षं खोटे दावे हुडकून काढल्यावर त्या निवृत्त झाल्या होत्या आणि आता तंजावुरात खाजगी तपासाची कामं घेत होत्या. अलमेलुला त्या ओळखत होत्या. त्यांची आई आजारी असताना दोन वर्षं तिनंच केलं होतं.

“कुणाला विष?” त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

“माशांना. अनिरुद्धराव अय्यांच्या माशांना. अकरांतले सात मेले. अय्या म्हणतात, मी मारले.”

समोर कॉफी पीत बसलेले रघुराम दचकले. ते कमलाक्षीबाईंचे मावसभाऊ. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले. बाईंची स्कूटर तेच चालवत आणि बाईंच्या आधी गुन्हेगार पकडायची घाईही तेच करत.

“मासे? अक्का, आपण माशांची केसपण घ्यायची?”

“आधी ऐकून घे, रघुराम.”

अलमेलुनं सांगितलं ते असं. अनिरुद्धराव गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यायला चेन्नईला मुलीकडे गेले होते. दहा आठवडे तिथंच राहिले. घरात वरच्या मजल्यावर त्यांचे मेहुणे शेषाद्री राहतात. पाणी बदलणं त्यांच्याकडे आणि माशांना खायला घालणं अलमेलुकडे, असं ठरलं होतं. शनिवारी सकाळच्या गाडीनं अय्या परत येणार होते. मासे काही दिवस मलूल दिसत होते. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी तिनं स्वतः टाकीतलं अर्ध्याहून जास्त पाणी काढलं आणि ताजं भरलं.

“किती?”

“बावीस बादल्या. बोअरचंच, अम्मा. अय्या चौदा वर्षं तेच घालतात. जुनं पाणी केळींना घातलं, एक घागर कढीपत्त्याच्या झाडासाठी ठेवली.”

“ताजं पाणी भरल्यावर मासे कसे होते?”

“आधी इकडून तिकडे पळायला लागले. मला वाटलं, खूश झाले. मी घरी गेले. सकाळी येऊन बघते तर सात उलटे तरंगत होते. उरलेले वर तोंड काढून आ करत होते. तेवढ्यात अय्या आले.”

“आणि?”

“मोरीत ब्लीचिंग पावडरचं अर्धं पाकीट सापडलं त्यांना. ती मी मागच्या पायरीवरचं शेवाळ घासायला आणली होती. अय्यांनी ऐकूनच घेतलं नाही. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले. आज सकाळी दोन घरांनी मला सांगितलं, येऊ नकोस. उद्या ते पोलिसात जाणार आहेत.” तिनं पदर तोंडाशी नेला. “माझी पोर हॉस्टेलात राहून नर्सिंग शिकतेय. आई विष घालते असं कुणी म्हणालं तर तिला कोण ठेवून घेईल?”

कमलाक्षीबाई उठल्या. “रघुराम, किल्ली घे.”

*

मेडिकल कॉलेज रस्त्याच्या मागच्या वस्तीत अनिरुद्धरावांचं घर होतं. ते कॉलेजात ग्रंथपाल होते. उंच, ताठ माणूस. आता हातात काठी आली होती आणि ती त्यांना आवडलेली दिसत नव्हती. शेजारच्या तिपाईवर पानाचा डबा उघडा पडला होता.

“अलमेलुनं पाठवलं तुम्हांला? कायला? मी लहान पोर आहे काय, मला समजत नाही असं वाटतं तिला?”

“तुमचं खरं असेल तर मीच तसं लिहून देईन, अनिरुद्धराव. मासे दाखवा.”

हॉलच्या भिंतीलगत सहा फुटांची काचेची टाकी होती. दिवा लागलेला, हवेचे बुडबुडे चाललेले, पण आत एकही मासा नव्हता.

“आफ्रिकेतल्या एका मोठ्या तळ्यातली जात,” अनिरुद्धराव म्हणाले. “सिक्लिड म्हणतात. निळ्या अंगावर काळे पट्टे आणि कपाळावर टेंगूळ. माझ्या बायकोनं, चंद्रमतीनं पिल्लं आणली होती, बोटाएवढी. ती जाऊन सहा वर्षं झाली. हे राहिले होते.” त्यांचा आवाज खाली आला. “अस्की, सगळीच मेली असती. चौघं तेवढी हाताला लागली.”

ती चौघं न्हाणीघरात होती, एका निळ्या पिंपात. सर्वांत मोठा मासा तळाशी सावकाश कल्ले हलवत होता.

“या पिंपात पाणी कुठलं?”

“बोअरचं. काल सकाळी ताजं भरलं आणि यांना उचलून आणलं.”

“पूर्ण ताजं? टाकीतलं काहीच नाही?”

“विषाचं पाणी कशाला घालू?”

कमलाक्षीबाई परत टाकीपाशी आल्या. आतले दगड हिरव्या शेवाळानं मखमली झाले होते. त्यांनी बोटानं एक दगड घासला आणि बोट रघुरामांना दाखवलं. हिरवंगार.

“घाण आहे,” रघुराम म्हणाले.

“हिरवी आहे,” त्या म्हणाल्या.

टाकीशेजारी कॅलेंडर टांगलेलं होतं. प्रत्येक रविवारी हिरव्या शाईची एक खूण होती. “शेषाद्रीची,” अनिरुद्धराव म्हणाले. “पाणी बदललं की खूण करायची, असं मी सांगून गेलो होतो. दर रविवारी पाव टाकी. एक चुकवली नाही त्यानं.”

कमलाक्षीबाईंनी खुणा मोजल्या. शेवटची आजच्या तारखेवर होती. सकाळचे दहा वाजले होते.

त्या मागच्या अंगणात गेल्या. पायरीवरचं घासलेलं शेवाळ पांढरं पडलं होतं. केळी, कढीपत्ता आणि कढीपत्त्याखाली पितळेची भरलेली घागर. तुळशीच्या कुंडीत मातीवर पांढऱ्या शिंपल्यांचा थर होता. जिन्याच्या वळणावर वीस लिटरचे पिण्याच्या पाण्याचे रिकामे कॅन एकावर एक रचलेले होते. रघुरामांनी मोजले, चौदा निघाले.

“आता पुढं काय करणार?” निघताना बाईंनी अनिरुद्धरावांना विचारलं.

“ब्लीचिंगचा असर हवा सोडत राहिलं की दोन दिवसांत उडतो, हे मला ठाऊक आहे. पिंपात चौघांना जागा पुरत नाही. दुपारी परत टाकीत सोडतो.”

“चार वाजेपर्यंत थांबा.”

“कायला?”

“माझ्यासाठी.”

अनिरुद्धरावांनी काठी आपटली, पण नाही म्हणाले नाहीत.

*

शेषाद्री वरच्या मजल्यावर आरशासमोर उभे होते. वय अठ्ठावन्न, विधुर. इस्त्रीचा शर्ट, नुकताच केलेला कलप आणि हातात कागदात बांधलेला मोगऱ्याचा गजरा. पाहुणे दिसताच गजरा पाठीमागे गेला.

“पाणी दर रविवारी बदललं मी. कॅलेंडर आहे की.”

“आजचंही बदललंत?”

“आज… आज बदलणार होतो.”

“बाहेर निघालात वाटतं?”

“पापनाशमला. काम आहे. रविवारचंच असतं ते काम.” त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “मला बस गाठायचीय.”

“आज नका गाठू. एवढे कॅन कशाला लागतात हो तुम्हांला? एकटेच राहता ना?”

“उन्हाळा कडक होता,” शेषाद्री म्हणाले, आणि एकदम बाईंच्या नजरेला नजर देईनासे झाले.

जिना उतरताना रघुराम कुजबुजले, “अक्का, हाच. टाकी गेली की हॉल मोकळा. लपवतोय काहीतरी.”

“लपवतोय खरा,” त्या म्हणाल्या. “पण गजरा घेऊन कुणी विष घालायला जात नाही.”

*

गावात शोभेच्या माशांचं दुकान एकच, जुन्या बस स्टँडजवळचं कविताचं. रविवारी ते दुपारी अडीचला उघडे. पस्तिशीची, चटपटीत बाई. अनिरुद्धरावांचं नाव काढताच तिचा हात जाळीवर थबकला.

“मी त्यांच्याकडे एक जोडी मागितली होती,” ती म्हणाली. “ते नाही म्हणाले. त्यात काय? मासे मारून मला काय मिळणार?”

“शेवटचे कधी पाहिलेत ते मासे?”

“गुरुवारी. शेषाद्री सारनी बोलावलं होतं, मासे खात नाहीत म्हणून. मला ते मलूल दिसले. मी अलमेलुला सांगितलं, अय्या यायच्या आत एकदा जास्त पाणी बदल.” ती खाली बघत म्हणाली, “नंतर कळलं सात मेले. मी गप्प बसले.”

“अलमेलुनं तुमचं नाव घेतलं नाही.”

कविताचा चेहरा पडला. “का?”

“तुमच्यावर येईल म्हणून असेल. पाणी तपासलं नाहीत?”

“तपासणीच्या थेंबांची बाटली नेली नव्हती. सार म्हणाले, दर रविवारी बोअरचं पाणी घालतो. मग काय तपासायचं? या माशांना जड, क्षारांचं पाणीच लागतं. आपलं बोअर त्यांना अगदी मानवतं. शिवाय अय्यांच्या फिल्टरमध्ये शिंपल्यांची पिशवी असते. पाणी आंबट व्हायला लागलं की शिंपले थोडे विरघळतात आणि पाणी सांभाळून घेतात.”

“पाणी आंबट का होतं?”

“माशांच्या घाणीतून अमोनिया होतो. फिल्टरमधले जंतू तो खातात, म्हणून मासे जगतात. पण ते खाताना आम्ल तयार होतं, आणि ते मारायला क्षार खर्ची पडतात. म्हणून नवं पाणी घालत राहायचं.”

“क्षार संपले तर?”

“पाणी आंबट. मग जंतूच काम थांबवतात.”

“आणि अमोनिया साठतो. मग मासे त्याच दिवशी का मरत नाहीत?”

कवितानं हातातली जाळी खाली ठेवली. मग ती हळूच म्हणाली, “अय्यो.”

“दुकान बंद करा,” कमलाक्षीबाई म्हणाल्या. “थेंब घ्या आणि रिक्षानं आमच्या मागून या. वाटेत अलमेलुला घ्या. रघुराम, चालव.”

*

ते पोचले तेव्हा साडेतीन वाजले होते. अनिरुद्धराव चारपर्यंत थांबले नव्हते. त्यांच्या हातात जाळी होती, जाळीत सर्वांत मोठा मासा होता, आणि ते एका हातानं काठी सावरत न्हाणीघरातून टाकीकडे येत होते.

“अनिरुद्धराव! टाकीत नको!”

इतका मोठा आवाज कमलाक्षीबाईंना आहे हे रघुरामांनाही ठाऊक नव्हतं. अनिरुद्धराव जागच्या जागी थिजले.

“पिंपात, आधी पिंपात. मग ओरडा माझ्यावर.”

रघुरामांनी जाळी घेतली आणि पळत जाऊन मासा पिंपात सोडला. पाणी उडालं. मासा एकदा कलंडला, मग सरळ झाला.

दहा मिनिटांनी सगळे हॉलमध्ये होते. कविता टाकीजवळ, शेषाद्री गजऱ्याची पुडी हातात घेऊन जिन्याच्या पायरीवर, अलमेलु दाराबाहेर. तिला आत बोलवायला अनिरुद्धराव तयार नव्हते. कमलाक्षीबाईंनी दार सताड उघडं ठेवलं.

“ब्लीचिंगपासून सुरुवात करू,” त्या म्हणाल्या. “या टाकीत सात मोठे मासे मारण्याइतकी ब्लीचिंग पडली असती, तर दगडावरचं शेवाळ पांढरं पडलं असतं. पायरीवरचं पडलंच आहे. इथलं हिरवं आहे. म्हणजे ब्लीचिंग नाही.”

“मग बोअरचं पाणी?” रघुराम म्हणाले.

“तेही नाही. पिंपात निव्वळ बोअरचं पाणी आहे आणि चौघं जिवंत आहेत. म्हणजे जे मारत होतं ते टाकीतच होतं, शुक्रवारच्या आधीपासून.” त्या शेषाद्रींकडे वळल्या. “तुम्ही एकदाही पाणी बदललं नाहीत. सगळ्या खुणा एका बैठकीत केल्यात, आणि त्या भरात आजच्या रविवारचीही करून टाकलीत.”

शेषाद्री कॅलेंडरकडे बघत राहिले.

“पाणी उडून कमी व्हायचं. तेवढं तुम्ही भरत होतात, पण कॅनचं.”

“चांगलं पाणी म्हणूनच घातलं,” शेषाद्री घाईनं म्हणाले. “बोअरच्या पाण्यानं नळावर पांढरं बसतं. मला वाटलं, शुद्ध पाणी घातलं तर माशांना बरं. खरंच, भावोजी.”

“आणि फिल्टरमधले शिंपले?”

“पाणी हळू पडत होतं. पिशवी गच्च झाली होती. धुऊन तुळशीत घातले.”

“म्हणजे दहा आठवडे क्षार खर्च होत राहिले आणि भर कसलीच नाही. कॅनच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. पाणी आंबट झालं, जंतू थांबले, अमोनिया साठत गेला.” कमलाक्षीबाईंनी अंगणातून आणलेली घागर पुढं ओढली. “हे शुक्रवारचं जुनं पाणी. अलमेलुनं झाडासाठी ठेवलं म्हणून आपल्याला मिळालं. कविता?”

कवितानं दोन नळ्यांत ते पाणी घेऊन थेंब टाकले. पहिली नळी पिवळी झाली. “आंबट. याच्याखाली माझी रंगांची पट्टी जातच नाही.” दुसरी हिरवी झाली, मग गडद हिरवी. “आणि हा अमोनिया. इतका मी कधी पाहिला नाही.”

“मग या पाण्यात मासे जगले कसे?” अनिरुद्धरावांनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता.

“खरा प्रश्न तोच. आंबट पाण्यात अमोनिया बांधलेला असतो. माशाला तो फारसा बाधत नाही. म्हणून मासे मलूल झाले, पण मेले नाहीत. शुक्रवारी त्याच टाकीत बावीस बादल्या क्षारांचं पाणी पडलं. आंबटपणा गेला आणि बांधलेला अमोनिया मोकळा झाला. तुमचा पानाचा डबा देता?”

त्यांनी घागरीतलं पाणी दोन भांड्यांत ओतलं. एकात डब्यातला चुना बोटभर कालवला, दोन्हींवर झाकण ठेवलं आणि थोडं थांबून दोन्ही भांडी अनिरुद्धरावांपुढं धरली. “हुंगा.”

पहिल्या भांड्याला नुसता शेवाळी वास होता. दुसऱ्याचं झाकण काढताच त्यांनी मान झटकन मागं घेतली. उग्र, नाकात जाणारा दर्प होता.

“पाणी तेच. घाण तीच,” कमलाक्षीबाई म्हणाल्या. “चुन्यानं फक्त तिला मोकळं केलं. शुक्रवारी हेच झालं. पळत होते ते मासे खूश नव्हते. त्यांना जळत होतं.”

कवितानं आता आजच्या टाकीतल्या पाण्यात थेंब टाकले. एक नळी निळी, दुसरी हिरवी. “आंबटपणा गेलाय, अमोनिया अजून आहे. आणि आता सगळा मोकळा. या चौघांना इथं सोडलं असतं तर…”

अनिरुद्धरावांनी रिकाम्या जाळीकडे पाहिलं.

“म्हणजे मीच…” ते खुर्चीत बसले. “मासे असे दिसल्यावर मी पहिली गोष्ट काय केली असती? हेच पाणी. याच बादलीनं.”

“होय. शनिवारी तुमच्या हातून झालं असतं, ते शुक्रवारी तिच्या हातून झालं. तिनं तुमची रीत पाळली, एवढंच.”

दाराबाहेर अलमेलु भिंतीला टेकून खाली बसली होती आणि रडत होती, पण सकाळसारखं नाही. मोकळं.

“मला एक समजत नाही,” रघुराम म्हणाले. “शेषाद्री, रविवारी असता कुठं तुम्ही?”

शेषाद्री उठून उभे राहिले. “लावण्या म्हणून आहेत. पापनाशमला वीणा शिकवतात. आम्ही… नोंदणी करून लग्न करायचं म्हणतोय. भावोजी, ताई गेल्यावर या घरात मी काय तोंडानं सांगणार होतो? सोमवारी पाणी बदलीन म्हणायचो. मग राहून जायचं. सात मासे माझ्यामुळे गेले, आणि काल तुम्ही तिला बोलत होतात तेव्हा मी वर उभा राहून ऐकत होतो.”

अनिरुद्धरावांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

“गजरा सुकत असेल,” ते म्हणाले. “पाच वाजता बस आहे पापनाशमला. पण आधी खाली उतर आणि अलमेलुला सांग, काय केलंस ते.”

शेषाद्री गेले. अनिरुद्धरावांनी कविताला विचारलं, “चौघं वाचतील?”

“वाचतील, सार. पंधरा दिवस पिंपातच ठेवा, रोज थोडं पाणी बदला. माझ्या टाकीतला जुना स्पंज आणून तुमच्या फिल्टरमध्ये घालते, जंतू लवकर वाढतील. शिंपले परत घाला. रोज थेंब टाकून बघू. अमोनियाची नळी हिरवी न होता पिवळीच राहिली की सोडायचे. त्याआधी नाही.”

अनिरुद्धरावांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांचे खांदे खाली आले.

मग ते काठी घेऊन उठले, दाराशी गेले आणि अलमेलुसमोर उभे राहिले. ती घाईनं उठायला लागली.

“बस,” ते तमिळमध्ये म्हणाले. “मी चुकलो. गल्लीत ओरडलो होतो ना? चल, गल्लीतच सांगतो.”

“अय्या, गुडघा…”

“गुडघ्याला चालायलाच सांगितलंय.”

उन्हं उतरत होती. अनिरुद्धराव एक एक पाऊल टाकत पहिल्या घरी गेले, फाटकाशी उभे राहिले आणि काल ओरडले होते तेवढ्याच मोठ्यानं म्हणाले, अलमेलुनं काही केलं नाही, चूक माझ्या घरची होती, मी तिला नाहक बोललो. दुसऱ्या घरी तेच. मग तिसऱ्या घरीही तेच, जिथं तिला कुणी काढलंच नव्हतं. अलमेलु चार पावलं मागं, पदर सावरत. कमलाक्षीबाई आणि रघुराम स्कूटरपाशी उभे राहून बघत होते.

दुसऱ्या घरच्या बाई लगबगीनं फाटकाबाहेर आल्या. “अलमेलु, मग येतेस ना आत्ता? सकाळपासून भांडी तशीच पडलीत.”

अलमेलुनं अनिरुद्धरावांकडे पाहिलं. मग त्या बाईंकडे. मग डोळे पुसून ती स्वच्छ हसली.

“आज नाही, अम्मा,” ती म्हणाली. “आज रविवार. मी माझ्या पोरीकडे चाललेय.”